काचेतली लडी

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, मुलींनाही नाही. तुम्हाला तरी का सांगते आहे — कोण जाणे.

बुलढाण्याकडे धाडजवळच्या आमच्या गावातली जुनी शाळा आता गावाचं संग्रहालय झाली. तिथे काचेच्या कपाटात सुताची एक लडी ठेवली आहे, खाली माझं नाव. आमच्या गुरुजींनी जपून ठेवलेली ती त्यांच्या नातवाने आणून दिली. उद्घाटनाची फीतही मीच कापली — सर्वांत जुनी विद्यार्थिनी म्हणून.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता, तेव्हाची ही लडी. शाळेत आम्ही टकळीवर सूत कातायचो. माझा धागा सारखा तुटायचा. शेजारी शांता बसायची — तिचा धागा कापसाचा पेळू संपेपर्यंत तुटत नसे. शाळा तपासायला डिप्टीसाहेब येणार होते आणि तिच्या बापाने बजावून ठेवलं होतं, "डिप्टीसायबानं नाव घेतलं त शिक, नाही त घरी बस."

मला कसली काळजी? आमची शेती मोठी, मी पुढे बुलढाण्याला शिकणारच होते. मग तरी ते का केलं? हेवा — दुसरं काही नाही. गुरुजी रोज तिचंच सूत सगळ्यांना दाखवायचे आणि मी आतून जळायचे.

ओळखीसाठी ज्याने त्याने आपल्या लडीला घरची चिंधी बांधायची. तपासणीच्या सकाळी पोरी अंगण सारवत होत्या. मी वर्गात गेले, दोन चिंध्या सोडल्या आणि — तिची माझ्या लडीला बांधली, माझी तिच्या.

डिप्टीसाहेबांनी माझी पाठ थोपटली. शांताने तिची चिंधी बांधलेली लडी बोटांत धरून पाहिली. आपलं सूत कुणाला ओळखू येत नाही? तिने माझ्याकडे पाहिलं आणि ती खाली बसली. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही. मला वाईट वाटलं का? वाटलं. बोलले का? नाही.

शांता आता नाही. उद्घाटनाला तिची नात आली होती. काचेसमोर बराच वेळ उभी राहिली, मग म्हणाली, "माही आजी सांगे, तुमच्यावानी सूत शाळेत कोनाचंच नव्हतं. हे तुमचंच ना?"

तेव्हा सांगता आलं असतं. जवळ कुणी नव्हतं. गेली असती तर माझीच लाज गेली असती.

"हाव," मी म्हणाले.

ती वाकून माझ्या पाया पडली. मी पडू दिलं.