पिणाऱ्याची विहीर

परवा इथे दुबईजवळच्या अल मजाजला शेजारच्या अरबाच्या घरी माझ्या नातवाने कॉफी तोंडाला न लावता खाली ठेवली. मी डोळे वटारले, तर पोरगा म्हणतो, "ग्रँडपा, इट्स जस्ट कॉफी!" जस्ट कॉफी म्हणे! अरे, या जस्ट कॉफीपायी एका भल्या माणसाची नोकरी गेली आणि चाळीस घरांच्या तोंडचं पाणी जाता जाता राहिलं. मी तिथे होतो.

साल चौसष्ट. इथल्याच वाळवंटात मी एका गोऱ्या साहेबाची लँडरोव्हर चालवायचो. साहेबाचं काम सरहद्दी आखायचं. कोणती टेकडी कोणाची, कोणती विहीर कोणाची, ते विचारत फिरायचं आणि नकाशावर पेन्सिलीने रेघ मारायची. बापजाद्यांपासून तिथे बकऱ्या चारणाऱ्यांना त्यांची हद्द विलायतेहून आलेला माणूस सांगणार! माझं डोकं तेव्हाही फिरायचं, पण ड्रायव्हरला विचारतो कोण?

डोंगरातल्या एका गावात आमचा मुक्काम पडला. चाळीस घरं, खजुराची झाडं आणि गोड्या पाण्याची एकच विहीर. तिथल्या एका खोलीच्या सरकारी दवाखान्यात जहूरभाई कंपाउंडर होते. आमच्या हर्णैचेच. किडकिडीत माणूस, नाकावरून घसरणारा चष्मा. सहा वर्षं एकट्याने दवाखाना सांभाळलेला. हिवतापाची, क्विनाइनची गोळी हातात द्यायचे नाहीत, जिभेवर ठेवायचे आणि गिळेपर्यंत समोरून हलायचे नाहीत. बायका पडद्याआडून जीभ तेवढी बाहेर काढायच्या. सगळं गाव त्यांना हकीम म्हणायचं.

खालच्या वाळूतल्या शेखशी साहेबाचं गूळपीठ होतं. त्याच्यासाठी साहेबाला ती विहीर रेघेच्या पलीकडे हवी होती. विहीर गेली की गाव उठलंच. गावचा मुखिया, म्हातारा सालिम, दोन दिवस नाही म्हणजे नाहीच म्हणत होता. तिसऱ्या दिवशी त्याचे मुलगे मांडीवर बंदुका घेऊन समोरच्या कड्यावर येऊन बसले.

नेमकं त्याच सकाळी साहेबाचं पोट बिघडलं. जहूरभाईंनी औषध दिलं आणि बजावलं, "सर, टुडे नो कॉफी. ओन्ली बॉइल्ड वॉटर." कंपाउंडर दुसरं काय सांगणार?

बोराच्या झाडाखाली बैठक बसली. साहेबाच्या मागे जहूरभाई आणि मी उभे. सालिमच्या धाकट्याने फिंजान भरून दिलं. फिंजान म्हणजे टीचभर कप, त्याला कान नसतो. साहेबाने ते घेतलं, गोड हसला आणि न पिता चटईवर ठेवलं.

सगळ्यांच्या नजरा त्या फिंजानवर. त्या लोकांत पाहुण्याने कॉफी अशी खाली ठेवली तर त्याचा अर्थ एकच. माझं एक मागणं आहे, ते दिल्याशिवाय मी पिणार नाही. आणि पाहुणा न पिता उठून गेला, तर यजमानाला चारचौघांत तोंड दाखवायला जागा राहत नाही. हे मला ठाऊक होतं, जहूरभाईंना तर पक्कं ठाऊक होतं. फक्त साहेबाला नव्हतं.

"बोल, काय हवं तुला?" सालिमने विचारलं.

साहेबाला वाटलं, म्हातारा वळला. आपल्या पुस्तकी अरबीत तो म्हणाला, "विहीर. ती खालच्या शेखच्या हद्दीत जाऊ दे."

सालिमचा चेहरा राखेसारखा झाला. त्याने त्या फिंजानकडे बघितलं. मग म्हणाला, "पी. हे पिणाऱ्याला विहीर दिली."

कड्यावर बंदुकीचा घोडा ओढल्याचा आवाज आला. सालिमने वर न बघताच हात उचलला, तेव्हा कुठे पोरं थांबली.

जहूरभाई साहेबाच्या कानाशी वाकले. इंग्लिशमध्ये म्हणाले, "सर, मिस्टेक झालीय. माझी मिस्टेक. कॉफी खाली ठेवताना तुम्ही काही मागितलंच नव्हतं, तुमचं पोट बिघडलंय म्हणून तुम्ही प्यायला नाहीत. मी त्यांना सांगतो." आणि त्यांनी कॉफीचा रिवाज दोन वाक्यांत समजावला.

साहेब थांबला. त्याला सगळं कळलं, खुदाची कसम, मी त्याच्या डोळ्यांत बघितलं. आणि तो काय म्हणाला? "पण म्हाताऱ्याने शब्द दिलाय ना?"

असं म्हणून त्याने फिंजानकडे हात नेला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण मी काय केलं? हात चोळत उभा राहिलो!

जहूरभाईंनी मात्र झडप घातली. साहेबाच्या बोटांखालून फिंजान उचललं आणि एका घोटात रिकामं केलं.

सालिमने त्यांच्याकडे पाहिलं, रिकाम्या फिंजानकडे पाहिलं आणि सावकाश म्हणाला, "मी पिणाऱ्याला शब्द दिला होता. विहीर हकीमची झाली. हकीम, काय करणार तू तिचं?"

"मला पोहरा ओढता येत नाही, बाबा," जहूरभाई म्हणाले. "तुमच्याकडेच राहू दे."

कड्यावर कोणीतरी खो खो हसलं. साहेब लालबुंद झाला, पण एवढ्या माणसांसमोर कोणत्या तोंडाने रेघ मारणार? नकाशा गुंडाळला आणि गाडीत बसता बसता जहूरभाईंना म्हणाला, "यू आर फिनिश्ड." त्याच दुपारी त्याच्या हुकमाने दवाखान्याला कुलूप लागलं. जहूरभाईंना दुबईला मीच आणून सोडलं. अख्ख्या रस्त्यात ते एकदाच बोलले, "यूनुसभाई, क्विनाइनची नवी पेटी आतच राहिली हो."

पुढे दुबईतच देराला एका औषधाच्या दुकानात त्यांना काम मिळालं. हर्णैहून हव्वाबीभाभी आगबोटीने आल्या. लग्नाला आठ वर्षं झालेली, पण नवराबायको एका छपराखाली पहिल्यांदाच राहत होती. भाभींनी मुंबईहून नवा स्टोव्ह आणला होता, खिडकीला पडदा शिवला होता. मला फार बरं वाटायचं त्यांच्याकडे गेलं की.

थंडीतल्या एका शुक्रवारी मी तिथे बसलो होतो आणि दारात सालिम उभा! खांद्यावर धूळ, गालफडं बसलेली. भाभींनी चहा केला. म्हाताऱ्याने कप घेतला आणि न पिता जमिनीवर ठेवला.

मी जहूरभाईंकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. आतून भाभी विचारतात, "साखर कमी पडली का हो?"

जहूरभाई सालिमकडे वळले. "बोला, बाबा," ते म्हणाले.

"तू गेल्यापासून तीन पोरं तापाने गेली," सालिम म्हणाला. "एक माझा नातू. दवाखान्याचं कुलूप कोणी उघडत नाही. परत चल, हकीम. पगार नाही देता येणार मला. खजूर आहेत, बकरीचं दूध आहे. पाणी आहे, ते तर तुझंच आहे."

भाभी आतल्या दाराच्या पडद्याशी आल्या. "काय म्हणतायत ते?" जहूरभाईंनी सगळं सांगितलं, कॉफीचंसुद्धा. भाभी ऐकत राहिल्या. त्यांनी खिडकीकडे बघितलं, स्टोव्हकडे बघितलं. आता ही बाई रडेल, भांडेल, आणि तिचं काही चुकणार नाही, असं मला वाटलं.

त्यांनी पदराने डोळे पुसले.

"मग त्यांना प्यायला सांगा ना," त्या म्हणाल्या. "चहा गार होतोय."