संत्र्यावरचा पतंग

महाराष्ट्र नुकताच झाला होता, तेव्हा मी अमरावतीच्या एका शेतकी कचेरीत कारकून होतो. तिथे पिकांवरची कीड गोळा करणारा एक कामदार होता. समोर कोणीतरी निजलंय आणि ते उठायला नको, अशा आवाजात तो बोलायचा.

एकदा आम्ही दोघे चांदूर बाजारजवळच्या बागेत गेलो. संत्री भोकं पडून गळत होती. झाडांवर फुलपाखरं तरंगत होती. राखणदार बाईनं ती हाकलली नाहीत, म्हणून मालक तिला कामावरून काढत होता.

कामदारानं एक पिवळं-काळं फुलपाखरू अलगद धरलं आणि टाचणीनं त्याची सोंड उलगडली. "रेशमावानी नरम हाय. हे फुलातला रस पिते. याच्या अळ्या संत्र्याचं पान खातात, फळ नाई."

मग त्यानं कुंपणावरच्या गुळवेलीतून एक वाळकं पान उचललं. पानानं पंख उघडले. आत संत्र्याचाच रंग होता.

"हा पतंग. याच्या अळ्या गुळवेलीवर वाढतात अन् हा रात्री येऊन संत्र्याले भोकं पाडते." त्याची ताठ सोंड त्यानं मालकाच्या बोटाला टोचली. "बाईले काहून काढता?"

मालकानं बोट चोळलं. "राहू दे तिले," तो म्हणाला.

कामदारानं फुलपाखरू सोडलं आणि पतंग माझ्या तळहातावर ठेवला. "याले मारा लागते, बाबू. तुमी मारा. मले नाई होत."

मी मारला. तोवर कामदार पाठ फिरवून उभा होता.

परतताना मी विचारलं, "मग इतकी वर्षं कोण मारत होतं?"

"कोणी ना कोणी संगं येतेच," तो हळूच म्हणाला.