दाजींच्या कुत्र्याचा उजवा पाय

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, चाकणच्या एका कंपनीत सुपरवायझर आहेत. आयुष्यात कधी बससाठीसुद्धा न धावलेल्या या माणसाने चाळिशी ओलांडल्यावर खेळाला वाहून घेतलं. पाय अर्थातच दुसऱ्याचे. त्यांनी शर्यतीचा कारवानी कुत्रा आणला.

कुत्र्याला अंडी, खिमा आणि दुधातून कॅल्शियमची पावडर. बहिणीच्या गुडघ्याच्या गोळ्या आणायला दाजी हमखास विसरायचे, पावडर मात्र संपायच्या आत हजर. सराव रावेतच्या एका मोकळ्या प्लॉटवर चाले. दाजी मोटरसायकलवर, कुत्रा शेजारून, रोज, डावीकडे वळत गोल गोल.

मी भोसरीत मोटारींच्या सुट्या भागांची तपासणी करते. एकदा बोलून गेले, "दाजी, एखादा दिवस त्याला विश्रांती द्या की. आमच्याकडे लोखंडसुद्धा सारखा ताण दिला की तडकतं."

"अगं, हे लोखंड नाही, जातिवंत हाड आहे," दाजी म्हणाले. मेहुणीने किती बोलावं यालाही मर्यादा असतेच म्हणा.

शर्यत चाकणच्या पलीकडे एका माळावर होती. पुढे गाडीला बांधलेलं फडकं, मागे कुत्री, आणि त्यांच्याहून जोरात ओरडणारी माणसं. आमचा पहिल्या वळणापर्यंत सर्वांत पुढे होता. वळणावर तो किंचाळला, कोलमडला आणि तीन पायांवर उभा राहिला. उजवा मागचा पाय लोंबत होता.

"नजर लागली राव," एका जाणकाराने निदान केलं.

पिंपरीतल्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढला. घोट्यातलं एक छोटं हाड फुटलं होतं.

"हा रोज एकाच बाजूला वळत पळायचा का?" त्यांनी विचारलं.

"हो, डावीकडे. शर्यतीत तसंच असतं."

"मग वळणाचा सगळा भार या उजव्या पायावर यायचा. त्यामुळे इथलं हाड दुसऱ्या पायापेक्षा दाट झालंय. पण त्यात बारीक तडे जात होते, आणि ते भरायला वेळच मिळाला नाही."

"मॅडम, कॅल्शियम तर भरपूर दिलं!"

"कॅल्शियम दिलंत हो. सुट्टी दिलीत का?"

ओव्हरटाइम नाकारणाऱ्यांना सुनावण्यात हयात गेलेले दाजी एक्स-रे उलटसुलट करून बघू लागले.

ऑपरेशन झालं. शर्यतीतले एक स्नेही भेटायला आले आणि आपुलकीने म्हणाले, "आता काय उपयोगाचा? हायवेला सोडून द्या. सगळे तेच करतात."

बहीण चहा घेऊन आली होती. तिने कप परत ट्रेमध्ये ठेवला. "याला सोडायचं तर आधी ह्यांना सोडीन," ती दाजींकडे बोट करून म्हणाली. पाहुणे चहा न घेताच गेले.

दाजी उठून कुत्र्याजवळ फरशीवर बसले. त्याच्या बँडेजवर हात ठेवला. मग चेहरा पुसून म्हणाले, "बोललाच नाही गं हा कधी, दुखतंय म्हणून."

कुत्रा आता थोडा लंगडतो, पण मजेत आहे. जिने चढायला मनाई असल्याने दाजी त्याला उचलून तिसऱ्या मजल्यावर नेतात. मधल्या मजल्यावर धापा टाकत थांबतात तेव्हा तो त्यांच्या खांद्यावर मान टाकून निवांत जांभई देतो.