भुकटीचं श्रेय न घेणाऱ्या आपा

डॉ. शमीम इनामदार यांची आणि माझी ओळख भांडणातून झाली. शहागंजात माझी रक्त तपासण्याची लॅब. नव्यानं दवाखाना थाटलेल्या या बाई एका सकाळी आत शिरल्या आणि म्हणाल्या, "तुमचा माणूस नमुने उन्हात ठेवून चहाला जातो. रिपोर्ट माझ्या पेशंटचा येतो की उन्हाचा?" राग आला, पण नमुने खरंच उन्हात होते. तेव्हापासून आमचं पटत आलं आहे. संभाजीनगरात सगळे त्यांना आपा म्हणतात, मीही म्हणतो. त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त लिहायला सांगितलं, तेव्हा मी संपादकांना बजावलं की मला स्तुती जमत नाही. घडलं ते सांगतो.

आपांचे रुग्ण बहुतेक म्हातारे. जालना रोडला इमारती वाढल्या, शेंद्र्याकडे कारखाने आले, तशा गल्लोगल्ली जिम निघाल्या. तिथली पोरं दंड फुगवायला क्रिएटिन नावाची पांढरी भुकटी घेत. आपा त्या भुकटीवरचं संशोधन वाचू लागल्या, तेव्हा आम्ही चेष्टा केली, "आपा, म्हाताऱ्यांच्या कुस्त्या लावणार काय?"

"पोरांना दंड दाखवायचेत," त्या म्हणाल्या. "माझ्या म्हाताऱ्यांना मोरीपर्यंत जायचंय. ताकद कुणाला जास्त लागते?"

हा पदार्थ शरीर थोडा स्वतः बनवतं, थोडा मांस-मासळीतून मिळतो. उतारवयात व्यायामाच्या जोडीला तो द्यावा, असं त्यांचं मत. स्मरणशक्तीवरही गुण येतो का, असं कुणी विचारलं की मात्र "पुरावा कच्चा आहे" म्हणून विषय संपवत.

मग दुष्काळाची वर्षं आली. करमाडजवळच्या कोंडाबाई, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या, मटण कधीच सोडलेलं. लांबलेल्या तापानं अशा खचल्या की जमिनीवरून उठता येईना. आपांना म्हणाल्या, "मरायचं भ्या नाय, बाई. पन सुनंनं उचलून भाईर न्यावं, ह्याची लई लाज वाटती."

आपांनी किडनी तपासून घेतली, मापात भुकटी दिली, खाटेवरून उठबस करायला शिकवलं. काही आठवड्यांनी नमुना माझ्याकडं आला. किडनीचं काम सांगणारा क्रिएटिनिनचा आकडा चढला होता. कोंडाबाईंचा मुलगा तणतणत दवाखान्यात आला, "आई बसली ती बसली, आता किडनीबी घालवता व्हय?"

ही भुकटी घेतली की किडनीला धक्का न लागताही तो आकडा थोडा वाढू शकतो. तेवढं सांगून आपांना सुटता आलं असतं, मी दुजोराही दिला असता. त्या म्हणाल्या, "असेल. पण 'असेल'वर मी कुणाची किडनी टांगणार नाही." भुकटी बंद केली, भुकटीनं आकडा न बदलणारी किडनीची दुसरी तपासणी लावली आणि मला गाडी काढायला लावून थेट करमाड गाठलं.

"औषध कसं घेता, दाखवा," आपा म्हणाल्या. कोंडाबाईंनी भुकटीऐवजी तळहातावर कणीक घेऊन दाखवलं, ओव्यासारखी फक्की मारायची आणि वर घोटभर पाणी.

"तांब्याभर सांगितलं होतं ना?"

"तांब्याभर? अवो, तेवढ्यात एक कोकरू पितं! टँकर आला की आधी जनावरं, मग लेकरं, मग आमी."

घरची रीतच ती. दिवसभरात बाईंच्या पोटात पाणी असं जातच नव्हतं, आणि पाणी कमी पडलं तरी तो आकडा चढतो. आपा तिथंच मुलाला म्हणाल्या, "मटण खाता का, हे मी विचारलं. पाणी किती पिता, हे विचारलं नाही. चूक माझी." मोठे डॉक्टर असं अंगणात उभं राहून बोलत नाहीत, निदान मी तरी ऐकलं नव्हतं. मुलाचा आवाज खाली आला. त्या दिवसापासून आईचं पाणी आधी निघू लागलं.

आकडा उतरला, दुसरी तपासणी चांगली आली. घरच्यांना विचारून, बेतानं, भुकटी पुन्हा सुरू झाली. आणि कोंडाबाई एके दिवशी कुणाचा हात न धरता उठल्या. खरं सांगतो, मला फार आनंद झाला.

ही बातमी भुकटी विकणाऱ्या एका कंपनीपर्यंत गेली. त्यांनी बेत ठरवला: हॉटेलात डॉक्टरांची सभा, जेवण, आपांचं भाषण. आपा उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "कोंडाबाई भुकटीनं उठल्या, पोटभर पाण्यानं उठल्या, की रोजच्या उठबशीनं, मला ठाऊक नाही. एका बाईवरून ठरतही नाही." कंपनीच्या माणसाचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. पुढं आपांनी हे कोंडाबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "कुनी उठवलं ते तुमी हुडकत बसा. मी चालले मेंढराकडं."

आपा खरोखर हुडकत बसल्या आहेत. करमाड, बिडकीन, गंगापूरकडच्या म्हाताऱ्यांपैकी काहींना भुकटी, काहींना नाही, पाणी आणि व्यायाम मात्र सगळ्यांना. उत्तर यायला वर्षं लागतील, असं त्याच सांगतात. ही भुकटी उद्या घराघरांत जाईल किंवा जाणार नाही. उत्तर 'नाही' आलं, तर तेही तितक्याच मोठ्यानं सांगेल असं दुसरं माणूस मला दिसत नाही. म्हणून आपा, तब्येत सांभाळा. उत्तर हाती येईपर्यंत तुम्हाला जायची परवानगी नाही.