वस्तू परत ठेवणारा काका

माझा धाकटा काका शाळेत इंग्रजी शिकवायचा. शब्द दिसला की त्याचे सांधे सुटे करून दाखवायचे, ही खोड निवृत्त झाल्यावरही गेली नाही. डॉक्टरांनी काकूच्या दुखण्याचं नाव सांगितलं, तर गडी दवाखान्याच्या पायरीवरच मला शिकवायला बसला.

"क्लेप्टोमॅनिया. मूळ ग्रीक. क्लेप्टेस म्हणजे चोर, मेनिया म्हणजे वेड. गरज नसतानाही चोरल्यावाचून राहवत नाही, ते दुखणं." मग आवाज खाली आणून म्हणाला, "हिला यातलं अक्षर कळता कामा नये. वेड म्हटलं तर कोलमडेल ती."

काकू दुकानातून नेलकटर उचलते. का, ते मला विचारू नका; स्वतःची नखं ती दातांनीच कुरतडते. दुपारी ती आडवी झाली की काका तिची पर्स चाचपतो आणि वस्तू जिथल्या तिथे नेऊन ठेवतो. वर काकूचीच तक्रार, "या घरात वस्तूंना पाय फुटतात!" उचलल्याचं तिला आठवत नाही की आठवून घ्यायचं नाही, देव जाणे. ओळखीच्या दुकानदारांना बाजूला घेऊन काका तो शब्द फोडून सांगायचा, तेही मान डोलवायचे. पण सांगून सांगून तो पार थकला होता.

परवा आम्ही तिघं कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. दुकानदार नवा होता. खिशातलं नेलकटर गुपचूप आकड्याला अडकवायला काकाने हात वर केला आणि दुकानदाराने मनगटच धरलं.

"या वयात शोभतं का हे, आजोबा?"

लोक वळून बघायला लागले. मला वाटलं, आता क्लेप्टेस येईल, मेनिया येईल. पण काकू शेजारीच उभी होती. काकाने एकदा तिच्याकडे पाहिलं.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

मला असा संताप आला! तोंड उघडणार तोच त्याने माझा पाय दाबला. दुकानदाराने नेलकटर हिसकावून घेतलं, चारचौघांत नको ते सुनावलं आणि सोडलं.

रस्त्यावर येताच काकूचे डोळे भरून आले. नाटक नव्हतं ते, खरोखर शरमली होती बिचारी. तिने काकाचा हात घट्ट धरला.

"अहो, मला सांगायचं होतंत. मी कुणाजवळ बोलायची नाही. पण यापुढे दुकानात मी एकटीच जात जाईन."

"बरं," काका म्हणाला.