लाइटांना झापडं लावणारी मावशी

लग्नातल्या फोटोग्राफरबद्दल लिहून राह्यलो म्हटलं की तुम्ही आत्ताच मनात एक माणूस उभा केला असंल. खिसेच खिसे असलेलं जाकीट, गळ्यात दोन कॅमेरे, मानेवर रुळणारे केस, आणि नवरीला "हनुवटी जरा वर" म्हणता म्हणता स्वतःचीच हनुवटी वर. त्याला खाली बसवा, चहा पाजा आणि घरी पाठवून द्या. आमच्या अंबडचा फोटोग्राफर लुगडं नेसायचा. पदर कमरेला खोचलेला, आणि बाकीच्या बायका जिथं गजरा माळतात तिथं, अंबाड्यात, लेन्स पुसायचा बारका ब्रश.

ही आमची लाइटवाली मावशी. माहेर पिंपळगाव रेणुकाईचं, घरी शेती, आणि लग्न झालं ते कोर्टाजवळ फोटो स्टुडिओ असलेल्या काकांशी. काका लई लाजाळू. स्थळासाठी फोटो काढायला पोरी यायच्या, त्या काकांपुढं अवघडायच्या आणि काका त्यांच्याहून जास्त अवघडायचे. एकदा काकांनी पाणी प्यायला कॅमेरा खाली ठेवला. मावशीनं तो उचलून समोरच्या पोरीचा फोटो काढला. त्यानंतर काकांना तो कॅमेरा परत मिळालाच न्हाई. ते गपगुमान फ्रेमा बसवायला लागले, आणि खरं सांगायचं तर दोघंही खूश होते.

मी शेजारच्या मंडपाच्या दुकानातला. लग्नात माइकवर बोलायचं काम माझं. पाहुण्यांची नावं पुकारायची, नवरीच्या मामाला हाका मारायच्या, भटजींच्या जोडीनं मंगलाष्टका म्हणायच्या. रिकाम्या वेळात नकला. बस डेपोतला कंट्रोलर, कोर्टातला पट्टेवाला, बाजारातला अडत्या, कुणाचाही आवाज मागा, मिळायचा. फक्त मावशीचा कधी जमला न्हाई. ती इतकं कमी बोलायची की नकलेला मालच मिळायचा न्हाई. मला ती "भोंग्या" म्हणायची, आणि बऱ्याचदा तेवढंच म्हणायची.

पण ती लाइट लावायला लागली की माझी वाचा बसायची. छत्रीचे दोन लाइट होते तिचे, एकीचं नाव थोरली, एकीचं धाकली. त्यांच्यात वायर नसायची. कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश चमकला की थोरली-धाकलीच्या पाठीवर बसवलेला काचेचा बारका डोळा तो उजेड बघायचा आणि त्याच क्षणाला दोघी पेटायच्या. कंपनीवाले त्याला स्लेव्ह म्हणायचे, म्हणजे गुलाम. मावशीला ते आवडायचं न्हाई, ती सरळ डोळा म्हणायची. छत्री बोटभर सरकवायची, पोरीच्या गालाकडं बघायची, परत बोटभर सरकवायची. मी एकदा म्हणालो, मावशी, टाका की उजेड आणि मोकळं व्हा. तर म्हणे, "उजेड टाकायचा नसतो रे भोंग्या, ठेवायचा असतो." मंग त्या पोरीचा फोटो बघितला. आमच्या गल्लीतलीच पोर, रोज नळावर दिसणारी. त्या फोटोत मी तिला पहिल्यांदा बघितलं असं वाटलं.

मंग मुंबईहून तिच्या भाच्यानं रेडिओवाला सेट पाठवला. काड्यापेटीएवढा डबा कॅमेऱ्यावर लावायचा, तसलेच दोन डबे लाइटांना. बटण दाबलं की लाइट पेटणार, एकमेकांना दिसो की ना दिसो. मावशी नव्याला नाक मुरडणारी बाई न्हाई. ती कॅमेरा घेऊन थेट मागच्या अंगणात धुण्याच्या दगडापाशी गेली आणि तिथून बटण दाबलं. आत आरशापुढं भांग पाडत बसलेलं एक गिऱ्हाईक दोन्ही बाजूंनी पेटलं. कंगवा तसाच हातात धरून ते बाहेर आलं आणि काकांना विचारायला लागलं की आत कोण हाय. मावशी हसली. तिला हसताना मी तवाच बघितलं.

पुढचे काही दिवस ती दोन्ही आळीपाळीनं वापरून बघत होती. रेडिओ भिंतीपल्याड जायचा, उन्हात चालायचा, जिथं काचेचा डोळा आंधळा व्हायचा. पण मधीच कधी तरी मुका राहायचा. बॅटरी नवी, डबे बराबर, तरी मुका.

अशात घनसावंगीचं लग्न आलं. ऊसवाल्या मोठ्या घरची पोरगी. तिचा स्थळासाठीचा फोटो मावशीनं काढला होता, आणि लग्नाचे फोटोही मावशीच काढणार असं तिनं घरात सांगून टाकलं. तोपर्यंत मावशीला मांडवात कुणीच बोलावलं न्हवतं. स्टुडिओत बाईनं फोटो काढला तर चालायचं, मांडवात बाप्यांच्या गर्दीत, खुर्चीवर चढून, ते चालायचं न्हाई. नवरीचे आजोबा, त्यांना सगळे दादा म्हणायचे, स्टुडिओत आले. आवाज असा की काचेच्या कपाटातल्या फ्रेमा थरथरायच्या. म्हणाले, "बाकीचे फोटो कसे बी येऊ द्या. अंतरपाट पडतो त्या टायमाचा एक फोटो मला पाह्यजे. तो चुकला तर मंग मांडव बाईमाणसाचं काम न्हाई, हे मी चार गावात सांगंन."

मावशीनं मान हलवली. ते गेल्यावर ती कितीतरी वेळ थोरली-धाकलीकडं बघत बसली. अंतरपाट एकदाच पडतो. रोलचा जमाना, आला की न्हाई ते जालन्याच्या लॅबमधून धुऊन आल्यावरच कळणार.

हळदीच्या दिवशी ती रेडिओ घेऊन गेली. नवरदेवाकडचा फोटोग्राफर जालन्याचा, बराबर मी वर सांगितला तसा, जाकीटवाला. त्याच्याकडंही तसलाच सेट. त्यानं बटण दाबलं की आमची थोरली पेटायची, मावशीनं दाबलं की त्याचा लाइट. हळद लावायला बसलेल्या बाया दर वेळी दचकून दोन्हीकडं बघायच्या. मी माइकवरून विजेच्या कडकडाटाचा आवाज काढून दिला, तो कुणाला आवडला न्हाई. मावशीनं डब्यावरचा चॅनल बदलला. भांडण मिटलं, पण धाकली मधीच रुसायला लागली. कारण कुणालाच कळंना.

मी म्हणालो, मंग डोळेच लावा. पण त्याला बी अडचण होती. डोळा कुणाचाही उजेड बघतो. मांडवात प्रत्येक पाहुण्याच्या हातात बारका कॅमेरा. ते चमकले की थोरली-धाकली फुकट पेटणार, आणि ऐन वेळी चार्ज होत दम खात बसणार. मावशी म्हणाली, "डोळा चुकला तर का चुकला ते दिसतं. कोण आडवं आलं, कुठून उजेड आला. रेडिओ रुसला तर मी कुणाला विचारू?" डोळेच लावायचे, हे तिनं ठरवलं ते तिथंच.

लग्नाच्या दिवशी मांडवात पाहुणे यायच्या आधी ती रोलच्या काळ्या डब्या घेऊन आली. तुम्हाला आठवत असतील, रोल ज्यात यायचा त्या. बुडं कापून त्यांच्या नळ्या केल्या आणि लाइटांच्या डोळ्यांवर चढवल्या, टांग्याच्या घोड्याला झापडं लावतात तशा. दोन्ही नळ्यांची तोंडं मांडवातल्या एका जागेकडं. तिथं तिनं अक्षतांचे चार दाणे ठेवले. मंग मला एक बारका कॅमेरा देऊन म्हणाली, फिर आणि फ्लॅश मार. मी जेवणाच्या टेबलापासून मारला, खांबाआडून मारला, स्टेजवर चढून मारला. थोरली-धाकली ढिम्म. शेवटी मावशी त्या दाण्यांवर उभी राहिली आणि तिनं कॅमेरा दाबला. दोघी एकदम पेटल्या. रिकामा पाट, रिकामं स्टेज, सगळं अशा उजेडात आलं की मला वाटलं लग्न लागून गेलं. देवळात गेल्यासारखे माझे हात आपोआप जुळले. बऱ्याच उशिरा ध्यानात आलं, मंग मी ते पाठीमागं नेले.

एवढंच की आता तिला जागा सोडता येणार न्हवती, आणि तिच्या नि नळ्यांच्या मधी कुणी आडवं येऊन चालणार न्हवतं.

मंगलाष्टका सुरू झाल्या. पाहुण्यांचे कॅमेरे टिकल्या फोडल्यासारखे चमकत होते, आमच्या दोघी शांत. जाकीटवाला इकडून तिकडं पळून राह्यला होता. मावशी दाण्यांवर उभी, हलली म्हणून न्हाई. शेवटच्या कडव्याला नवरदेवाचे मामा अक्षता घेऊन पुढं सरकले. मामांचा फेटा म्हणजे फेट्याच्या वर अजून एक फेटा. ते बराबर मावशीच्या आणि धाकलीच्या मधी उभे ठाकले. मी स्टेजवरून बघून राह्यलो होतो. कडवं संपत आलं होतं, मावशी गर्दीत दिसंना. मला दुसरं काही सुचलं न्हाई. माइक तोंडाशी धरून मी दादांच्या आवाजात म्हणालो, "मामासाहेब, जल्दी इकडं या."

मामा पाव्हणे माणूस, यजमानाची हाक आल्यावर काय करणार. वळले आणि चालू लागले. सावधान झालं, अंतरपाट पडला, वाजंत्री फुटली, आणि त्या सगळ्या अक्षतांच्या मधी थोरली-धाकली एकदम पेटल्या.

दादा नवरीच्या शेजारीच उभे होते. तोंड मिटलेलं. स्वतःचा आवाज भोंग्यातून ऐकत.

मी त्या दिवशी जेवलो न्हाई. फोटो धुऊन आले त्या दिवशी दादा स्टुडिओत आले, मी दारातच सापडलो. त्यांनी फोटो हातात घेतला. अंतरपाट हवेत, अर्धा पडलेला. प्रत्येक अक्षता वेगळी दिसत होती. नवरीनं नवरदेवाकडं बघितलंय, आणि तिच्या चेहऱ्यावर उजेड असा, कुणी ओंजळीत धरून आणून ठेवल्यासारखा. तिच्या मागं दादा, डोळे मोठ्ठे, भोंग्याकडं बघणारे. दादांनी फोटो दाराच्या उजेडाकडं धरला. त्यांच्या डोळ्यात पाणी आलं का ते मी सांगणार न्हाई, त्यांचं त्यांना म्हाईत. मावशीला म्हणाले, दिवाळीनंतर धाकल्या नातीचं लग्न हाय, तुम्हीच या. जाता जाता माझ्यापुढं थांबले. मी डोळे मिटले. म्हणाले, "आवाज बराबर जमला. पण मी 'जल्दी' म्हणत न्हाई," आणि गेले.

पुढं मावशी त्या पट्ट्यात कितीतरी लग्नांना गेली. नंतर काका-मावशी लेकीकडं नाशिकला गेले. आजही कुणी माझा फोटो काढायला लागलं तर मी आधी उजेड कुठून येतो ते बघतो आणि बोटभर सरकतो. लोक हसतात.

पण त्या दिवशी दादा गेल्यावर मी छाती फुगवून वळलो, म्हटलं आता मावशी शाबासकी देणार. मावशीनं अंबाड्यातला ब्रश काढून टेबलावर ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी एवढं सलग बोलली.

"मामांचा फेटा मला दिसला न्हवता का रे? मी गुडघा टेकून बसले व्हते. त्यांच्या काखेखालून धाकलीचा डोळा मला बराबर दिसून राह्यला व्हता. तू हाक मारली, मामा हलले, आन् त्यांच्या मागचं सगळं वऱ्हाड त्यांच्या जागेवर आलं. मंग मला उठावं लागलं. उठता उठता दाबलंय मी ते. आन् एवढं करून म्हातारा बघतोय कुठं? नातीकडं न्हाई, भोंग्याकडं. दिवाळीनंतरच्या लग्नात नावं पुकार, मंगलाष्टका म्हण, माझं काही म्हणणं न्हाई. पण शेवटचं कडवं भटजींना म्हणू द्यायचं. तू तोंडात एक अख्खा पेढा धरायचा, आन् मी बटण दाबेपर्यंत गिळायचा न्हाई."