माकुलाला तीन शिट्ट्या

माकुलाला कुकर लावणारा माणूस समुद्राकाठी शोधून सापडायचा नाही. तो नाशिकमध्येच सापडेल, आणि तोही माझ्यासारखा, ज्याने मटणाची पिशवी घरी आणण्यापलीकडे स्वयंपाकात कधी लुडबुड केलेली नाही. आमच्याकडे रविवार म्हणजे मटण, मटण म्हणजे काळा मसाला आणि कुकरच्या शिट्ट्या. पिशवीतून जे येतं ते आधी मऊ शिजलं पाहिजे, बाकीचं मागाहून, एवढंच शास्त्र मला ठाऊक. त्यामुळे पहिल्या खेपेला मी माकुलाच्या रिंगा कापल्या, हळद-मीठ चोळलं आणि बेधडक तीन शिट्ट्या काढल्या.

मुळात मी या भानगडीत पडलो तो बायकोमुळे. गेल्या पावसाळ्यात तिला ताप आला. ताप आठवडाभरात उतरला, पण जाताना नाकाची सगळी शक्ती घेऊन गेला. वास गेला, आणि वासाच्या मागोमाग चव गेली. सुरुवातीला आम्ही ते हसण्यावारी नेलं. मग एकदा ती ओट्याशी उभी असताना तिच्या डोळ्यांदेखत पातेल्यातली डाळ तळाला लागली आणि तिला पत्ताच नाही. शेजारच्या वहिनी धावत आल्या तेव्हा तिला कळलं. त्या दिवसापासून तिने स्वयंपाक सोडला. आम्ही राहतो त्या सातपूरच्या कॉलनीत रविवार उजाडल्याची खबर लोकांना जिच्या रश्श्यावरून लागायची, ती बाई चहात साखर किती घालायची हे मला विचारू लागली.

पुढे तिने खाणंही सोडलं. काहीही तोंडात घातलं की ओला कागद चघळल्यासारखं वाटतं, म्हणायची. दोन घास खाऊन ताट सारायची. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. डॉक्टरांनी सांगितलं की वास आपोआप परत येतो, पण कधी ते सांगता येत नाही, आणि काही जणांचा येतच नाही. मात्र वजन आणखी घसरलं तर दवाखान्यात दाखल करावं लागेल. मी घाबरलो. आयुष्यभर कारखान्यात भल्याभल्या मशिनी उघडून नीट केल्या, पण इथे काय उघडायचं तेच कळेना.

तिला रुचेल म्हणून मी काय काय नाही आणलं. झणझणीत मिसळ आणली, तर तिखटाने डोळ्यांतून पाणी तेवढं आलं. दिंडोरीहून तिच्या भावाने द्राक्षांची पेटी पाठवली, ती वहिनींच्या घरी गेली. शेवटी एका दुपारी तीच आपणहून म्हणाली, "ते वाजणारं होतं ना, हॉटेलातलं. ते खावंसं वाटतंय."

मला आठवलं. मुलीने नोकरी लागल्यावर आम्हाला गंगापूर रोडच्या एका हॉटेलात नेलं होतं. तिथे सोनेरी रिंगांची एक बशी आली होती. बायकोने एक उचलली आणि कुरडईसारखं वाजतंय म्हणत सगळी बशी फस्त केली. ते माकूल आहे, म्हणजे स्क्विड, समुद्रातला पायवाला प्राणी, असं मुलीने सांगितल्यावर तिने रिकाम्या बशीकडे क्षणभर बघितलं आणि आणखी एक मागव म्हणाली.

मी त्याच संध्याकाळी त्या हॉटेलातून पार्सल आणलं. सातपूरला पोचेपर्यंत डब्यात वाफ धरली होती. रिंगा मऊ पडल्या होत्या, वाजायचं नाव नाही. म्हणजे हे काम घरीच करायचं, कढईतून थेट ताटात. मुलीला फोन लावला. ती म्हणाली सोपं आहे बाबा, आधी मैदा, मग फेटलेलं अंडं, मग ब्रेडचा चुरा, आणि तळायचं. कुकरबद्दल तिने काही सांगितलं नाही. माणूस माकुलाला कुकर लावेल हे तिच्या स्वप्नातही आलं नसावं.

मासळी बाजारात मुंबईकडून बर्फात आलेली माकुलं मिळतात. ती साफ करून घेतली. ब्रेडचा चुरा घरात नव्हता, पण चहाचे टोस्ट होते, कोपऱ्यावरच्या बेकरीतले. ते वेलचीचे होते हे मला चुरा केल्यावर वासाने कळलं. मी ते तिला सांगितलं. ती म्हणाली, असू द्या, मला कुठे कळणार आहे. हे ती अगदी साधेपणाने म्हणाली, आणि मला ते फार लागलं.

तीन शिट्ट्यांनंतर कुकर उघडला, तर रिंगा निम्म्या झाल्या होत्या. तरीही मैदा, अंडं, टोस्ट असे सगळे सोपस्कार करून तळल्या. दिसायला झकास. खायला मात्र आमच्या मशिनींच्या रबरी ऑइल सीलसारख्या. ती बराच वेळ एक रिंग चघळत राहिली, मग हळूच काढून ताटाच्या कडेला ठेवली. माझ्यावर रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "नका एवढं करत बसू. माझं आता असंच हाय."

त्या "असंच हाय"ने माझी झोप उडवली. ती मूळची दिंडोरीकडची, द्राक्षबागेत छाटणीला जाणाऱ्या घरातली, आणि कुठल्याही गोष्टीला असंच हाय म्हणून सोडून देणारी बाई ती कधीच नव्हती. दुसऱ्या दिवशी मुलीला सगळं सांगितलं. ती आधी पोट धरून हसली आणि मग म्हणाली की माकूल जेमतेम दोन मिनिटं शिजवायचं असतं, त्यापुढे ते चामडं होतं.

पुढच्या रविवारी मी परत माकुलं आणली. तिने नको नको केलं, पण ओट्यापासून चार हात अंतरावर खुर्ची ओढून बसली, बहुधा मी कुकर काढतो का बघायला. मी टोस्ट मिक्सरमध्ये टाकले आणि बटण फिरवलं, तोच ती म्हणाली, बंद करा, पीठ होईल. तिने उरलेले टोस्ट फडक्यात गुंडाळून घेतले आणि मांडीवर पोळपाट धरून वरून लाटणं फिरवलं. चुरा भरड निघाला. कित्येक महिन्यांनंतर तिच्या हातात लाटणं होतं. मी तिच्याकडे न बघता अंडं फेटत राहिलो, बघितलं असतं तर तिने ते खाली ठेवलं असतं.

तेल तापलं असं मला वाटलं. मी चिमूटभर चुरा टाकला.

"नाय तापलं," ती म्हणाली. ती बघत नव्हती. मान कलती करून ऐकत होती. थोड्या वेळाने म्हणाली, आता टाका. मी रिंगा सोडल्या आणि कढई तडतडायला लागली. मला त्या अजून फिक्या दिसत होत्या, पण तडतड जराशी बारीक होताच ती म्हणाली काढा. मी म्हटलं, अगं रंग तर येऊ दे. "काढा म्हणते ना. पाणी संपत आलं त्यांच्यातलं, आवाज बदलला." मी मुकाट काढल्या. बशीत ठेवेपर्यंत त्यांना रंग चढला.

तिने पहिली रिंग उचलली, दातांखाली धरली, आणि ती वाजली. अशी वाजली की मला ओट्यापाशी ऐकू आली. ती थांबली. परत चावली. मग म्हणाली, "चव नाय काहीच. पण खाल्लेलं कळतंय."

तिने बशी संपवली. माझ्यासाठी एकसुद्धा ठेवली नाही, आणि कुणी मला उपाशी ठेवल्याचा इतका आनंद मला आधी कधी झालेला नाही.

त्यानंतर आमचं घर वाजायला लागलं. भाताबरोबर पापड, वरणाबरोबर कुरडई, दुपारी भाजलेले शेंगदाणे, आणि रविवारी माकूल. ज्याला आवाज आहे ते ती खायची. बांगड्या हळूहळू मनगटाकडे यायला लागल्या. वहिनींनी कुरडयांचा अख्खा डबा आणून दिला, मुलगी दर पंधरवड्याला काहीतरी कुरकुरीत घेऊन येई. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. आणि कानांचेही. देवळात हात जोडतो तसे मी मनातल्या मनात तिच्या कानांना हात जोडले आहेत.

मग एका रविवारी तिने मटणाची पिशवी माझ्या हातातून काढून घेतली. कांदा-खोबरं किती भाजलं हे ती परतण्याच्या आवाजावरून आणि रंगावरून ठरवत होती. रस्सा उकळल्यावर तिने पळीत थोडा घेतला, फुंकला आणि माझ्यापुढे धरला. म्हणाली, मीठ बघा. इतक्या वर्षांत हा मान मला पहिल्यांदाच मिळत होता. मी नीट चाखून सांगितलं, किंचित कमी आहे. तिने माझ्यावर विश्वास ठेवून मीठ टाकलं. त्या दिवसापासून आमच्या घरात जीभ माझी आणि बाकी सगळं तिचं, अशी वाटणी झाली. वास परत येईल का, हे आम्ही एकमेकांना विचारणंही सोडून दिलं होतं. जे आहे त्यावर आमचं छान चाललं होतं.

परवाच्या रविवारी मी नेहमीसारख्या रिंगा तळल्या. आता मलाही कढईचा आवाज थोडाफार कळतो. ती बशी घेऊन बसली. मी दुसरा घाणा सोडत होतो. मागे एकदा कुरकुर वाजलं आणि मग काहीच ऐकू येईना. मी वळून बघितलं. ती अर्धी रिंग नाकाशी धरून बसली होती.

"अहो," ती म्हणाली, "यात वेलची टाकली का तुम्ही?"

मी मान हलवली, हो की नाही ते माझं मलाच कळलं नाही. टोस्ट पहिल्या दिवसापासून त्याच बेकरीतले, वेलचीचेच होते.

"माकुलात वेलची कोण घालतं," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. माझे तर आधीच भरले होते. त्या घाण्यातल्या रिंगा पार काळ्या झाल्या, आणि जळल्याचं मला तिने सांगितलं.